नळीत पातळ, नसांत घट्ट

नात्यातल्या एका मावशीने मध्यंतरी विचारलं, "रिपोर्ट म्हणतो रक्त गोठायला वेळ लागतो, मग डॉक्टर रक्त पातळ करायच्या गोळ्या का देतात?" प्रश्न अगदी रास्त! रिपोर्टात नाव होतं 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट', म्हणजे ल्युपसमधला, रक्त गोठू न देणारा पदार्थ. मंडळी, यातला एकही शब्द धड नाही. ल्युपस नसलेल्यांतही तो सापडतो, आणि अंगात तो रक्त गोठवतो.

गोष्ट सुरू होते सिफिलिसपासून. १९०६ साली बर्लिनमध्ये वासरमानने त्याची रक्ततपासणी काढली. पुढे तिच्यात बैलाच्या हृदयाचा अर्क वापरू लागले. १९३५ साली अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने लग्नाआधी सिफिलिसची तपासणी सक्तीची केली. आता गंमत अशी (गंमत कसली!), की ल्युपसच्या काही रुग्णांत सिफिलिस नसतानाही ती 'पॉझिटिव्ह' यायची. लग्नाच्या तोंडावर असा कागद हाती आलेल्या मुलीने कुणाकुणाला काय काय समजावलं असेल?

१९५२ साली कॉनली आणि हार्टमन यांना ल्युपसच्या दोन रुग्णांत रक्त गोठायला उशीर होताना दिसला. १९६३ साली बोवी आणि सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांत चक्क गुठळ्या नोंदवल्या. तरी १९७२ साली नाव रूढ झालं ते 'अँटिकोअ‍ॅग्युलंट'च. घरात पडलेल्या टोपणनावासारखं, चिकटलं ते चिकटलं. १९८३ साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि ही प्रतिपिंडं यांची सांगड घातली. तोवर किती बायकांनी ते नशिबावर ढकललं असेल!

नळीत उशीर का होतो? रक्त गोठायला फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचा पृष्ठभाग लागतो. तपासणीत तो बाहेरून घालतात आणि प्रतिपिंडं तोच अडवून बसतात. नसांमध्ये मात्र ती पेशींना चेतवतात, आणि गुठळी होते.

१९९० च्या सुमारास कळलं की त्यांचा खरा रोख स्निग्ध पदार्थावर नसून त्याला चिकटणाऱ्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनावर आहे. रक्तात ते कडं घालून फिरतं. पृष्ठभागाला चिकटलं की गळासारखं उलगडतं आणि झाकलेला भाग उघडा पडतो. सिडनीच्या संशोधकांना याच प्रथिनाची दोन रूपं दिसली. एकात गंधकाचे अणू मोकळे, ते नसांच्या आतल्या पेशींना सांभाळतं. दुसऱ्यात ऑक्सिडेशनमुळे त्याच अणूंची गाठ बसलेली. हे गाठीचं रूप या रुग्णांच्या रक्तात जास्त असतं, असं त्यांनी २०११ साली दाखवलं.