बीड जिल्ह्यातील मुक्तिसंग्रामाचा मौखिक इतिहास आणि विद्यार्थी-प्रशिक्षण

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले. मधल्या तेरा महिन्यांत सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्पांतून करोडगिरी नाक्यांवर झालेले हल्ले आणि रझाकारांचे अत्याचार यांनी मराठवाडा ढवळून निघाला. संस्थानी कारभाराची भाषा उर्दू असल्याने खेड्यांतील लढ्याचा शोध घेताना मराठीभाषक विद्यार्थ्याला मौखिक साधनांचा आधार घ्यावा लागतो.

साक्षीचे मूल्य

१९४८ साली विशीत असलेली व्यक्ती आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. बहुधा मुलेसुनाच निवेदक असतात. म्हणून पाहिलेले, ऐकलेले व वाचलेले यांची स्वतंत्र नोंद करणे, हा प्रशिक्षणाचा पहिला पाठ होय.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी साक्षीदारांची शपथपत्रे ग्राह्य धरली गेली. बीड जिल्ह्यातील अशा अनेक प्रकरणांत बनावट दावे झाल्याचा वाद २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. परिणामी खऱ्या सैनिकाच्या शब्दावरही संशयाची छाया पडली. विद्यार्थ्याने चौकशी अधिकाऱ्याप्रमाणे पुरावा मागू नये. रात्रीचा मुक्काम कोठे होता, भाकरी कोणी पोचवली, निरोप कोणी नेला, असे तपशील विचारावेत. त्यातून सत्यशोधनही होते आणि प्रमाणपत्रासाठी कधीच अर्ज न केलेल्या स्त्रियांचा सहभागही उजेडात येतो. पोळा, सुगी किंवा फसली सनावरून सांगितलेला काळ आहे तसा नोंदवून मगच इसवी सनाशी जुळवावा.

मौनाची दुसरी बाजू

पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर हिंसाचार झाला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या जिल्ह्यांत मिळून किमान ५,००० माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. या कुटुंबांच्या स्मृतींवाचून संकलन एकांगी ठरेल. मात्र तेथे संमती आणि नाव गुप्त ठेवण्याची हमी अनिवार्य होय.

समारोप

निवेदने परस्परविरोधी असली तरी ती जुळवून एकसंध करू नयेत. बोलीभाषेतच लिप्यंतर करावे. एक प्रत कुटुंबास व एक ग्रंथालयास द्यावी. साक्षीचा आदर करणे आणि ती पारखणे ही एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत, हे विद्यार्थ्याला या जिल्ह्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे शिकता येईल.