बटाट्याचं माहेर

दिल्लीत बिऱ्हाड हलवून महिना झाला, तरी जिभेवरचा ‘बटाटा’ जात नाही. भाजीवाला हमखास टमाटरकडे हात नेतो. इथं चालतो तो ‘आलू’.

परवा गुरुग्राममध्ये क्युबन जेवण जेवलो. भातात शिजवलेला काळा घेवडा, चपट्या करून दोनदा तळलेल्या कच्च्या केळ्याच्या चकत्या. म्हटलं, चला, बटाट्याच्या माहेरी आलो! कारण ‘बताता’ हा शब्द क्युबा आणि आसपासच्या बेटांवरच्या ताईनो लोकांचा. 1492 मध्ये कोलंबस तिथं पोचला आणि शब्द स्पॅनिशमध्ये शिरला. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्याला आणला.

गंमत अशी, की ताईनोंचा बताता म्हणजे रताळं! खरा बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, तिथल्या केचुआ भाषेत ‘पापा’. युरोपात दोन्ही कंदांची नावं एकमेकांत मिसळली. खुद्द क्युबात मात्र आज बटाटा ‘पापा’ आणि रताळं ‘बोनियातो’. म्हणजे माहेरीच नाव पुसलेलं.

आणि ज्या ‘आलू’वर मी रुसलो, तो आपल्याच घरात लपलाय. संस्कृतात ‘आलु’ म्हणजे कंद. ‘रक्तालु’ म्हणजे लाल कंद. त्याचंच झालं रताळं.

परतताना मेट्रो स्थानकाबाहेर निखाऱ्यांवर शकरकंदी, म्हणजे आपली रताळी, भाजत होती. साल काढून तुकडे, वर मसाला, लिंबू पिळलेलं. द्रोण हातात घेतला आणि सवयीनं विचारलं, “बटाटा कितीला?”