गर्भस्थ श्वसनाच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना

गर्भजलात असलेला गर्भ श्वासावाचून महिनोन्महिने जगतो. परंतु जन्मानंतर एकदा श्वास घेतला की त्यावाचून त्याचा निभाव लागत नाही. असे का, हा प्रश्न विल्यम हार्वे यांनी १६५१ साली प्राण्यांच्या जननावरील ग्रंथात उपस्थित केला. या प्रश्नात वायूंची देवाणघेवाण आणि छातीची हालचाल अशा दोन भिन्न क्रिया गुंतलेल्या होत्या. त्यांची उकल कशी झाली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

वायूंची देवाणघेवाण

हवेतील जीवनावश्यक अंश मातेकडून नाळेवाटे गर्भास मिळतो, असे प्रतिपादन जॉन मेयो यांनी १६७४ मध्ये केले. ऑक्सिजनच्या शोधानंतर, १७९४ मध्ये, इरॅस्मस डार्विन यांनी वारेला श्वसनेंद्रियाचे स्थान दिले. १८७६ मध्ये पॉल झ्वाइफेल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने नाळेच्या रक्तातील ऑक्सिजन सिद्ध केला.

छातीची हालचाल

१८८८ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिश आल्फेल्ड यांनी गर्भवतीच्या उदरावर दिसणाऱ्या तालबद्ध हालचाली गर्भाच्या श्वसनाच्या असल्याचे सांगितले. हे मत सर्वमान्य झाले नाही. पुढे केंब्रिज येथे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी शस्त्रक्रियेने उघड्या केलेल्या मेंढीच्या गर्भांवर प्रयोग केले. त्यांत गर्भवाढीबरोबर ही हालचाल दबत जाताना दिसली. त्यामुळे निरोगी गर्भ स्तब्ध असतो, ही समजूत बळावली.

१९७० नंतर ऑक्सफर्ड येथे जेफ्री डॉझ व सहकाऱ्यांनी मेंढीच्या गर्भात नलिका बसवून, शस्त्रक्रियेतून सावरलेल्या गर्भाचे गर्भाशयातच निरीक्षण केले. तेव्हा ही हालचाल खंडित, पण नित्याची असल्याचे आढळले. १९७१ मध्ये बॉडी व रॉबिन्सन यांनी मानवी गर्भातील ही हालचाल ध्वनिलहरींच्या साहाय्याने बाहेरून नोंदविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आल्फेल्ड यांचे निरीक्षण अशा रीतीने सुमारे ८० वर्षांनी खरे ठरले.

मात्र या हालचालीतून गर्भास ऑक्सिजन मिळत नाही. फुप्फुसांतील द्रवही प्रामुख्याने फुप्फुसेच स्रवतात. हालचालीचे महत्त्व फुप्फुसांच्या वाढीत आहे. १९८० मध्ये मॅनिंग व सहकाऱ्यांनी गर्भाच्या प्रकृतीच्या पाच निकषांत तिचा समावेश केला.

निष्कर्ष

आल्फेल्ड यांच्याजवळ केवळ दृष्टी होती. त्यांच्यानंतरच्या संशोधकांजवळ प्रयोगशाळा होती. परंतु त्या प्रयोगपद्धतीने गर्भाची नैसर्गिक अवस्थाच बदलली होती. म्हणून एखादे निरीक्षण नाकारण्यापूर्वी, ते ज्या साधनाने नाकारले जात आहे त्याचीही परीक्षा व्हावयास हवी, हाच या इतिहासाचा बोध होय.