समुद्रशैवालातील संयुगे आणि स्मृतिभ्रंश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि येथील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत जीवाणू वाढविण्यासाठी लागणारा अगार लाल समुद्रशैवालापासूनच मिळतो. याच वनस्पतींतील संयुगे स्मृतिभ्रंशापासून संरक्षण देतील काय, हा प्रश्न आज आस्थेने विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याच्या पूर्वेतिहासाचा विचार केला आहे; कारण स्मृतीच्या अभ्यासाला समुद्रशैवालाने प्रथम जे दिले ते विष होते.

जपानमध्ये डायजेनिया सिम्प्लेक्स हे लाल शैवाल जंतांवर परंपरेने दिले जात असे. 1953 मध्ये त्यातून कायनिक आम्ल, तर 1958 मध्ये कोंड्रिया आर्माटा या शैवालातून डोमोइक आम्ल वेगळे करण्यात आले. मेंदूतील संदेशवाहक ग्लुटामेटशी दोहोंच्या रचनेचे साम्य आहे. त्यामुळे ती मज्जापेशींना अतिउत्तेजित करून मारतात. 1976 मध्ये कॉयल व श्वार्झ यांनी उंदरांच्या मेंदूत कायनिक आम्ल टोचून हंटिंग्टन रोगासारखी अवस्था निर्माण केली. विष असे संशोधनाचे साधन झाले. पुढे 1987 मध्ये कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले; काहींची नवी स्मृती साठविण्याची क्षमता कायमची गेली. शिंपल्यांत डोमोइक आम्ल आढळले. त्याचा उगम मात्र समुद्रशैवालात नव्हता, तर डायटम या सूक्ष्म शैवालात होता.

संरक्षणाच्या बाजूचा पुरावा अद्याप तोकडा आहे. फ्युकॉइडनविषयीचे निष्कर्ष बहुतांशी पेशी व प्राण्यांवरील प्रयोगांचे आहेत. तपकिरी शैवालापासून बनविलेल्या सोडियम ऑलिगोमॅनेटला चीनने 2019 मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरसाठी सशर्त मान्यता दिली. त्यामागील 36 आठवड्यांच्या चाचणीत 818 रुग्ण होते. या निष्कर्षांवर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतल्या, आणि इतर देशांतील रुग्णांचाही समावेश असलेली पुढील चाचणी 2022 मध्ये पूर्ण होण्यापूर्वीच थांबविण्यात आली. मान्यता सशर्त होती, ही बाब वृत्तपत्रीय लेखनात सहसा गळते.

कोंड्रिया आर्माटा आपल्यालाही परके नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2006 मध्ये त्यातील ग्लायकोलिपिडांवर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून किनाऱ्यावरून आणलेल्या अर्काची स्मृतिरक्षक म्हणून चाचणी घेण्यापूर्वी शैवालाची जाती निश्चित करणे व अर्कात डोमोइक आम्ल आहे काय हे तपासणे अगत्याचे ठरते.