धुळाक्षरांपासून प्रयोगापर्यंत

आग्र्याहून मुंबईस जाणारा जुना मार्ग विंध्याचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात शिरतो, तेथे धार जिल्ह्यातील धामनोद लागते. अहिल्याबाईंचे महेश्वर येथून जवळच. धार व देवास ही पवारांची संस्थाने असल्यामुळे या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार करताना आम्हांस हे खोरे आठवते, त्यास कारण आहे. पण त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे.

मराठी मुलखातील जुनी शाळा पंतोजींची. ती बहुधा देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत भरे. मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी, पाढे व पावकी-निमकी घोकी. बोटास व जिभेस काम होते. प्रश्नास मात्र वाव नव्हता.

तो वाव देण्याचा मोठा उद्योग ताराबाई मोडक यांनी केला. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची साधने खेड्यास परवडणारी नव्हती; म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मूल त्यांची निवड करी, मोजी, लहान-मोठे लावी. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे १९५७ पासून हेच कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले.

आता पुन्हा नर्मदेकडे येऊ. धामनोदच्या पूर्वेस, नदीच्या वरच्या अंगास असलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान प्रयोगाने शिकविण्यास आरंभ झाला. किशोर भारती व रसूलिया येथील मित्रमंडळाचे केंद्र या संस्थांनी तो केला. १९७८ साली जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळा त्यात आल्या. परीक्षेस पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने हे कार्य पुढे नेले, आणि १९८७ पासून ‘खुशी-खुशी’ या पुस्तकांद्वारे प्राथमिक वर्गांतील बालकांपर्यंत तोच विचार पोहोचविला.

यात अवघड असे काय आहे? पितळेचा मणी पाण्यात टाकला तर बुडतो, पितळेची वाटी अलगद ठेवली तर तरंगते. सहा वर्षांच्या मुलास आधी विचारावे, मग त्याच्याच हाताने ते करू द्यावे. त्यास उत्तर सांगून टाकण्याची घाई मात्र आवरावी. मुलाने ‘असे का?’ म्हटले, की विज्ञानाचा श्रीगणेशा झाला. साधने घरचीच आहेत; दुर्मिळ असतो तो शिक्षकाचा धीर.

हा धीर एकट्या शिक्षकाने धरून भागत नाही. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. पुस्तके उरली, अनुभवी शिक्षक उरले. परंतु वर्गातील व परीक्षेतील ती मुभा गेली. शासनाच्या एका आज्ञेने जे थांबते, ते टिकविण्यास समाजाची आस्था पाठीशी लागते.

ज्या ओवरीत एके काळी धुळाक्षरे गिरविली गेली, तेथे आज सुटीच्या दिवशी चार मुले, परातभर पाणी व मूठभर बिया घेऊन बसण्यास कोणाची हरकत असावी? मुलाच्या प्रश्नास जागा देणे हीही विद्येची उपासनाच होय, असे आम्हांस वाटते.