उतार सापडेपर्यंत

मिशनच्या एका दवाखान्याची जीप मी जालन्यात बावीस वर्षं चालवली. गावोगावच्या फिरत्या दवाखान्यासाठी डॉक्टर, सिस्टर, औषधांची खोकी आणि लशींचा बर्फाचा डबा वेळेवर पोहोचवायचा, एवढंच माझं काम. भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर, मंठा या भागातला कोणता फाटा कुठल्या पावसात बंद पडतो, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. परदेशातून काही महिन्यांच्या सेवेसाठी तरुण मुलं-मुली यायची. घरून निघताना त्यांना साप आणि कॉलरा यांची धास्ती घातलेली असायची. आठवड्याभरात ती धास्ती सरायची आणि तिची जागा रस्ता घ्यायचा. समोरून येणारा ऊस भरलेला ट्रक, एका दिव्यावर धावणारा ट्रॅक्टर, अंधारात रस्त्यातच बसलेली जनावरं हे सगळं पाहून ती पुढच्या सीटची कड घट्ट धरून बसायची. एकदा एका मुलीनं मला विचारलं, "दादा, आमच्या आधी जे आले, ते इथपर्यंत पोहोचले तरी कसे?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. निवृत्तीनंतर जुनी चरित्रं आणि गॅझेटियर वाचत बसलो, ते त्या प्रश्नापायी.

आमच्या जिल्ह्यात रस्त्याचा हिशेब मोठमोठ्यांना चुकवता आलेला नाही. सप्टेंबर 1803 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन फौजा, आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या, बदनापूरला भेटल्या. समोर भोकरदनच्या बाजूला शिंदे आणि भोसले यांचं सैन्य होतं. पण डोंगरातली वाट दोन्ही फौजांना एकदम पुरणारी नव्हती, म्हणून त्या दोन वाटांनी निघाल्या. दोघांनी मिळून 24 तारखेला हल्ला करायचा, असं ठरलं होतं. वेलस्लीची मराठ्यांच्या फौजेशी 23 तारखेलाच गाठ पडली आणि त्याला असईची लढाई एकट्यानं लढावी लागली. मधे खेळणा नदी. वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. अशी गावं वसली आहेत म्हणजे माणसांची येजा असणार, आणि येजा आहे म्हणजे उतार असणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि पिंपळगावजवळ सैन्य पार नेलं. त्या दिवशी कंपनीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. लढाईचं मला कौतुक नाही. पण उतार गावाला माहीत असतो, ही गोष्ट मी जन्मभर स्टिअरिंगवर वापरली.

त्यानंतर 1827 मध्ये जालन्याला छावणी वसली. छावणीमागे बाजार आला, बाजारामागे रस्ता आला. आणि 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून एक मराठी माणूस आला, रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातला हा तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि 1843 मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी धाकट्या भावाच्या, श्रीपतीच्या, प्रकरणानं मुंबई ढवळून निघाली. श्रीपतीला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, हे आपल्या इतिहासात नोंदलेलं आहे. नारायणराव मात्र परतले नाहीत. पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले आणि कामासाठी जालन्याला आले.

आज कोणी म्हणेल, मुंबईहून जालना म्हणजे काय परदेश? त्या काळी तो परदेशच होता. इंग्रजी मुलूख संपायचा आणि निजामाची मोगलाई सुरू व्हायची. राज्य दुसरं, नाणं दुसरं, कचेरीची भाषाही दुसरी. रेल्वे 1865 च्या पहिल्या दिवसापर्यंत कसाऱ्याच्या पायथ्यालाच थांबायची. थळघाट बैलांच्या बळावर चढायचा. नगरकडून यावं तर टोक्याला प्रवरा आणि गोदावरीचा संगम आडवा. पावसाळ्यात तिथं नावेवाचून गत नव्हती, आणि नावाडी म्हणेल तेव्हाच नाव सुटायची. पुढे नांदगावचं स्टेशन झालं, तरी तिथून औरंगाबाद 56 मैल टांग्यानं, आणि औरंगाबादहून जालना आणखी दोन मुक्काम. काळ्या मातीच्या त्या वाटेत दुधना आणि तिला मिळणारे ओढे. उन्हाळ्यात धुराळा, पावसाळ्यात आसापर्यंत रुतणारं चाक. काळ्या मातीत रुतलेली गाडी बाहेर काढणं काय असतं, ते मी बाभळीच्या फांद्या चाकाखाली घालून अनेकदा भोगलं आहे. बैलांचे काय हाल झाले असतील ते मला कळतं.

त्या पिढीतल्या मिशनऱ्यांना माणसाच्या हातून मरण क्वचितच आलं. ते आलं वाटेवर. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल मार्च 1826 मध्ये नाशिककडच्या फेरीवर होता. कॉलऱ्याची साथ सुरू होती. जवळचं औषध त्यानं लोकांना वाटून जवळजवळ संपवलं, आणि परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत तो त्याच कॉलऱ्यानं गेला. आणि ज्या सुमारास नारायणराव जालन्याची घडी बसवत होते, त्याच सुमारास त्यांच्याच फ्री चर्चनं नागपुरात आपला सर्वांत मोठा माणूस गमावला, स्टीफन हिस्लॉप. 1845 मध्ये नागपूरला येऊन शाळा काढणारा, दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यासक. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. 4 सप्टेंबर 1863 रोजी तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेला होता. सोबतचे लोक पुढे निघाले. हा गावातल्या शाळेची मुलं तपासायला मागे थांबला आणि अंधार पडल्यावर एकटाच घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे निघाला. वाटेतला ओढा पावसानं फुगला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या ओढ्याशी त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

जालन्यात नारायणरावांनी गावकुसाबाहेरच्या लोकांत, विशेषतः मांग समाजात काम केलं. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जमीन दिली आणि जालन्याशेजारी नव्या ख्रिस्ती कुटुंबांचं एक गाव वसलं. त्याचं नाव ठेवलं बेथेल. पवित्र शास्त्रातला याकोब घर सोडून परक्या मुलुखाकडे निघाला होता. वाटेत सूर्य मावळला, म्हणून एका दगडाची उशी करून तो उघड्यावर झोपला. सकाळी उठून त्या जागेला त्यानं नाव दिलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. आणि मागितलं काय? या वाटेवर माझं रक्षण व्हावं, पोटाला भाकरी आणि अंगाला वस्त्र मिळावं, मी सुखरूप घरी परतावं. बेथेल हे नाव मुळात वाटसरूच्या मुक्कामाचं आहे. बैलगाडीनं मोगलाईत आलेल्या माणसाला ते नाव किती जवळचं असेल, हे मला त्या कच्च्या रस्त्यांवर गाडी चालवल्यानंतरच समजलं.

नारायणराव स्वतः फार दूरवर फिरले. 1873 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. 1891 मध्ये अशाच एका परदेश दौऱ्याहून परतताना बोटीवरच त्यांचा अंत झाला. परतीची वाट पुरी झाली नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–मनमाड मीटरगेज जालन्यातून गेली आणि मुंबईची माणसं डब्यात बसून यायला लागली. पण स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता तोच राहिला. माझ्या वाट्याला आला तो हाच उरलेला तुकडा.

आता माझी हकिकत. 1983 चा ऑगस्ट. जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. गाडीत एक परदेशी सिस्टर होती, सेवेला येऊन जेमतेम दोन महिने झालेली. पलीकडच्या वस्तीवर एक बाई सकाळपासून अडली होती. राजूरच्या पुढे एका नाल्यावर फरशी पूल होता, कठडे नसलेला. त्यावरून गुडघाभर गढूळ पाणी धावत होतं. सिस्टर म्हणाली, "चला दादा, देव सांभाळेल." मी गिअर टाकला. तेवढ्यात काठी आडवी धरून एक म्हातारा मेंढपाळ गाडीपुढे उभा राहिला. "नको घालू गाडी, भाऊ. मधल्या भागात पाण्याचा आवाज बदलाय. दम धर, तासा-दोन तासात उतरतंय."

मी इंजिन बंद केलं. सिस्टर रडत होती. तीन तासांनी पाणी उतरलं, तेव्हा मधली फरशी जागेवर नव्हती. आठ-दहा हात लांबीचं खिंडार. गाडी तिथंच सोडून, पेटी डोक्यावर घेऊन, त्या मेंढपाळानं दाखवलेल्या उतारानं आम्ही पलीकडे गेलो. गावच्या सुईणीनं बाईला वाचवलं होतं. मूल वाचलं नव्हतं.

त्या रात्री सिस्टरनं मला विचारलं, आपण थांबलो हे बरोबर केलं का? बरोबर केलं, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. पाण्यात गाडी घातली असती तर एका मरणाची तीन झाली असती. पण ते मूल नाल्यानं घेतलं, हेही तितकंच खरं. श्रद्धेच्या नावावर पाण्यात गाडी घालू नये, आणि थांबल्याचं समाधान मानून पुलाची मागणीही सोडू नये. पुढे आम्ही दोन पावसाळे अर्ज करत राहिलो. त्या जागी उंच पूल झाला. तो मी ओलांडला त्या दिवशी मेंढपाळ हयात नव्हता.

आता आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. हिस्लॉप बुडाला त्या नागपूरच्या परिसरातून निघालेली गाडी आज काही तासांत नारायणरावांच्या जालन्यात येते. वाटेत ओढा आला हे कळतसुद्धा नाही. पण 1 जुलै 2023 ला, मध्यरात्र उलटल्यावर, आमच्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. आणि 18 जुलै 2024 ला पंढरपूरची वारी करून परतलेल्या वारकऱ्यांची काळी-पिवळी राजूर रस्त्यावर तुपेवाडी फाट्याजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. सात जण गेले. मी त्या रस्त्यानं हजार वेळा गेलो असेन. देवाच्या कामाला निघालेली माणसं, घर काही मैलांवर आलेलं, आणि वाटेतच सगळं संपलं. हॉलचं, हिस्लॉपचं झालं तेच.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याजवळ आहे. जे पोहोचले, त्यांना काठावरच्या कोणीतरी उतार दाखवला होता, किंवा वेळेवर थांबवलं होतं. आज ते काम आपलं आहे. तुमच्या गावाच्या रस्त्याला लागून उघडी विहीर असेल, तर या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि कठडा बांधून होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोवर पांढरा चुना मारलेले चार दगड तरी काठावर ठेवा. आणि पावसाळ्यात पुलावरून पाणी चाललेलं दिसलं, तर गाडीपुढे आडवे उभे राहा.