फेनवे कोर्ट : मृत्युपत्र आणि मैफल

बॉस्टन येथील इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाचा विषय निघाला की प्रथम आठवते ते संस्थापिकेचे मृत्युपत्र. दालनांतील मांडणीत कायमचा फेरबदल झाल्यास सर्व संग्रह विकून त्याचे द्रव्य हार्व्हर्ड विद्यापीठास द्यावे, अशी त्यात अट आहे. १९२४ मध्ये गार्डनरबाई निवर्तल्या आणि वास्तू आहे तशीच राहिली, असा समज यामुळे रूढ झाला. संगीताच्या अंगाने पाहता तो टिकत नाही.

व्हेनिसच्या प्रासादांच्या धर्तीवर बांधलेल्या या वास्तूचे मूळ नाव 'फेनवे कोर्ट'. १ जानेवारी १९०३ च्या रात्री तिचे उद्घाटन झाले, ते बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदातील वादकांच्या वादनाने. पाहुण्यांनी आधी संगीत ऐकले. पुष्पांनी सजलेला चौक व चित्रदालने त्यांना खुली झाली ती त्यानंतर. संगीतदालन दोन मजले उंचीचे होते. परंतु १९१४ मध्ये खुद्द गार्डनरबाईंनीच ते मोडून त्याजागी खाली 'स्पॅनिश क्लॉइस्टर' व वर भिंतपटांचे दालन उभारले. खालच्या भागात सार्जंटचे 'एल् हालेओ' (१८८२) हे भव्य चित्र लागले. त्यात नर्तकी आहे, मागे गिटारवादकांची रांग आहे. रंगविलेल्या मैफलीसाठी खऱ्या मैफलीची जागा गेली, असेच म्हणावे लागते! फेरबदलास मज्जाव करणाऱ्या बाई हयातीत अशा मुक्तहस्ताने फेरबदल करीत होत्या.

त्यांच्या पश्चात मैफली भरू लागल्या त्या भिंतपटांच्या दालनात. म्हणजे ज्या मांडणीला मृत्युपत्राचे संरक्षण होते, तिच्यातच श्रोत्यांच्या खुर्च्या येऊन बसल्या. (१८९२ मध्ये पॅरिसच्या लिलावात घेतलेले व्हर्मेरचे 'मैफल' हे चित्र मात्र १८ मार्च १९९० च्या चोरीत इतर बारा कलाकृतींसह गेले, ते अद्याप सापडलेले नाही.)

पुढे विस्ताराची योजना निघाली, तेव्हा मृत्युपत्राच्या शब्दांपासून ढळण्याची अनुज्ञा न्यायालयाकडून घ्यावी लागली. ती २००९ मध्ये मिळाली. रेन्झो पियानो यांनी योजिलेली नवी इमारत २०१२ मध्ये खुली झाली. तिच्यातील घनाकृती काल्डरवुड सभागृहात सुमारे तीनशे श्रोते वादकांच्या चहूबाजूंस, सज्जांच्या थरांवर बसतात. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. मृत्युपत्राचे अक्षर मोडून बांधलेल्या या सभागृहामुळेच भिंतपटांच्या दालनातील खुर्च्या निघाल्या, आणि ते बाईंच्या मूळ मांडणीप्रमाणे पुनः लावता आले.